हायडेलबर्ग – पुन्हा एकदा, पण निवांत!



भारतातून आई-बाबा किंवा सासू-सासरे येणार म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी सारखेच चित्र दिसते. व्हिसा नव्वद दिवसांचा, आपली रजा जेमतेम आठ-दहा दिवसांची, आणि यादी मात्र पॅरिसपासून प्रागपर्यंत! "एवढ्या लांब आलाच आहात, तर सगळं बघून घ्या," असे म्हणत आपण त्यांना गाडीत बसवतो, आणि संध्याकाळी दमलेल्या त्या दोन जिवांना विचारतो, "मजा आली ना?"

आम्हीही हेच केले होते. २००७ साली आई-बाबा पहिल्यांदा जर्मनीत आले, तेव्हा स्वित्झर्लंडला जाताना वाटेत आम्ही हायडेलबर्ग 'उरकले'. बरोबर तीन तासांत! किल्ला, दारूचे ते अवाढव्य पिंप, जुना पूल, माकडाबरोबर फोटो, की परत गाडीत. पुलावर बाबा कठड्याशी थांबले आणि म्हणाले, "जरा बसू या का इथे? नदी बरी वाटतेय." आम्ही घड्याळ दाखवले. पार्किंगची वेळ संपत आली होती. बाबा काही बोलले नाहीत, चालायला लागले.

बाबा २०१९ मध्ये गेले. २०२५ च्या उन्हाळ्यात आई एकटीच आली. वय ७८, गुडघे कुरकुरणारे. "यंदा काय बघायचं?" असे विचारल्यावर म्हणाली, "नवीन काही नको. ती माकडाच्या पुलाची नदी होती ना, तिथे नेऊन बसवा मला."

म्हणून आम्ही पुन्हा हायडेलबर्गला गेलो. या वेळी चार दिवस, आणि रोज फक्त एकच गोष्ट बघायची असे ठरवून. पाहिलेल्याच गावी परत जाण्यात एवढे काय आहे, असे आम्हालाही आधी वाटले होते. आता मात्र वाटते की गाव खरे कळते ते दुसऱ्या खेपेलाच. मंडळातल्या अनेकांकडे पुढच्या उन्हाळ्यात पाहुणे येणार आहेत, त्यांना उपयोग व्हावा म्हणून हा लेखप्रपंच.

कधी गेलो, कसे गेलो

१९ जून २०२५ च्या गुरुवारी फ्रोनलाइशनामची सुट्टी होती. ही सुट्टी हेसेन आणि बाडेन-व्युर्टेम्बर्ग या दोन्ही राज्यांत असते. शुक्रवारची एक रजा टाकली की चार दिवस मोकळे! लक्षात ठेवायची गोष्ट एवढीच, की त्या गुरुवारी आणि रविवारी दुकाने बंद असतात. दूध, दही, फळे आदल्या दिवशीच घेऊन ठेवावीत. आईने दशम्या, चटणी आणि तिखटमिठाच्या पुऱ्या केल्याच होत्या, त्यामुळे पहिल्या दिवसाची चिंता नव्हती.

या वेळी गाडी मुद्दाम घरी ठेवली. फ्रँकफुर्टहून लोकल गाडीने तासा-सव्वा तासात हायडेलबर्ग येते. मे २०२३ मध्ये सुरू झालेले डॉइचलांड-टिकेट ज्यांच्याकडे आहे त्यांना वेगळे तिकीट काढावे लागत नाही, कारण ते देशभरच्या लोकल गाड्या, ट्राम आणि बस या सगळ्यांना चालते. फक्त आयसीई-आयसी गाड्यांना चालत नाही. सुरुवातीला ते महिन्याला ४९ युरो होते, पुढे वाढत गेले. पार्किंगचे घड्याळ मागे नसले की माणूस किती शांत होतो, हे आम्हाला त्या चार दिवसांत कळले!

एक गोष्ट नव्याने जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी. मुख्य स्टेशन जुन्या गावात नाही. ते १९५५ साली पश्चिमेला हलवले, त्यामुळे तिथून जुन्या गावात जायला बस किंवा ट्राम घ्यावी लागते. राहायला आम्ही जुने गाव टाळले आणि नदीपलीकडे नॉयेनहाइममध्ये खोली घेतली. जुन्या गावात रात्री उशिरापर्यंत विद्यार्थ्यांची वर्दळ असते. नॉयेनहाइमच्या बाजूला नदीकाठी लांबच लांब हिरवळ आहे, तिला नेकारवीजे म्हणतात. आईला खोलीतून उठून सरळ हिरवळीवर जाता येत होते.

पहिला दिवस: देवळाभोवतीची दुकाने

जुन्या गावातला मुख्य रस्ता, म्हणजे हाउप्टस्ट्रासे, बिस्मार्कप्लाट्झपासून जवळजवळ सरळ रेषेत दीड किलोमीटरहून जास्त जातो आणि पूर्ण पादचाऱ्यांसाठी आहे. २००७ मध्ये आम्ही तो पंधरा-वीस मिनिटांत पार केला होता. या वेळी आईबरोबर दोन तास लागले, आणि त्यामुळेच दिसले की मार्केटच्या चौकातल्या हायलिगगाइस्टकिर्शं या चर्चच्या बाहेरच्या भिंतीला, तिच्या खांबांच्या मधल्या जागेत, छोटी छोटी दुकाने आहेत. ही पद्धत मध्ययुगापासूनची. आई लगेच म्हणाली, "अगदी तुळशीबाग!" पुण्यात रामाच्या देवळाभोवती बाजार, इथे चर्चभोवती.

या चर्चची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १७०६ ते १९३६ इतकी वर्षे चर्चच्या आत एक भिंत उभी होती. एका बाजूला कॅथलिक, दुसऱ्या बाजूला प्रोटेस्टंट! दोघांनाही चर्च हवे, म्हणून मधे भिंत घातली. भाऊबंदकीत वाड्याची वाटणी होऊन माजघरात भिंत उभी राहते, त्यातलाच प्रकार.

याच चर्चच्या माडीवर एकेकाळी 'बिब्लिओटेका पालाटिना' नावाचा प्रसिद्ध ग्रंथसंग्रह होता. तीस वर्षांच्या युद्धात १६२२ साली हायडेलबर्ग पडले आणि पुढच्याच वर्षी हा संग्रह पोपला भेट म्हणून रोमला नेण्यात आला. त्यातली ८४७ जर्मन हस्तलिखिते १८१६ मध्ये परत आली, बाकीचा मोठा भाग आजही व्हॅटिकनमध्ये आहे. कोडेक्स मानेसे हे मध्ययुगीन जर्मन कवितांचे चित्रमय हस्तलिखित तर पॅरिसमध्ये जाऊन पडले होते, ते १८८८ मध्ये हायडेलबर्गला आले. आज ते विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे.

विद्यापीठ १३८६ चे, आजच्या जर्मनीतले सर्वांत जुने. मुलांना नेणार असाल तर विद्यार्थ्यांचा तुरुंग जरूर दाखवा. रात्री आरडाओरडा, दारू पिऊन धिंगाणा, द्वंद्व असल्या उद्योगांबद्दल विद्यापीठ स्वतःच मुलांना कोंडून ठेवायचे. १७७८ ते १९१४ पर्यंत हा तुरुंग चालू होता. तासाला हजेरी लावायला मात्र बाहेर सोडत असत! भिंती आणि छत पोरांनी काजळी आणि रंगांनी चितारून ठेवले आहे. पुढे पुढे तर तिथे एकदा जाऊन येणे हा मानच समजत. आई म्हणाली, "म्हणजे अंगठे धरून उभं राहायची शिक्षा झाली की आमच्या शाळेतली पोरं मिरवायची, तसंच."

दुसरा दिवस: न बांधलेला किल्ला

किल्ल्यावर जायला कोर्नमार्क्टपासून बेर्गबान ही दोराने ओढली जाणारी रेल्वे आहे. वयस्कर मंडळींना पायऱ्या चढवू नका, हीच घ्या. आत अंगणात फरशी दगडी आणि उंचसखल आहे, म्हणून चांगले बूट हवेत. पहिल्या खेपेला आम्ही पिंप बघायलाच पळालो होतो. ते १७५१ चे, सुमारे २,२०,००० लिटरचे. शेतकऱ्यांकडून कर म्हणून येणारी वाइन त्यात साठवत. पण पिंपापेक्षाही बघण्यासारखा आहे तो अर्धा पडलेला किल्लाच.

फ्रेंच सैन्याने १६८९ आणि १६९३ असा दोनदा तो उद्ध्वस्त केला. दुरुस्ती करून पुन्हा राहायला जावे असे चालले असतानाच १७६४ मध्ये वीज पडली आणि आग लागली. त्यानंतर गावकरी घरे बांधायला त्याचेच तांबडे दगड नेऊ लागले. हे थांबवले कोणी? तर एका फ्रेंच माणसाने! शार्ल द ग्रेंबेर हा सरदार १८१० मध्ये चित्रे काढायला आला, या भग्न भिंतींच्या प्रेमात पडला आणि १८६४ मध्ये मरेपर्यंत इथेच राहिला. किल्ल्याचे दगड वाचावेत म्हणून त्याने पदरचे पैसे खर्च केले, चित्रे छापून गावोगाव पोहोचवली. ज्यांच्या तोफांनी किल्ला पाडला, त्यांच्यातल्याच एकाने तो राखला.

पुढे १९०० च्या सुमारास जर्मनीत मोठा वाद झाला. किल्ला पुन्हा पहिल्यासारखा बांधायचा, की आहे तसा जपायचा? फ्रीडरिशबाउ हा एक भाग तेवढा नव्याने सजवला गेला. बाकीच्यासाठी गेओर्ग डेहिओ या कलेतिहासकाराचे म्हणणे टिकले: जपा, नव्याने बांधू नका. म्हणजे आज आपल्याला जो पडका किल्ला दिसतो तो दुर्लक्षामुळे पडका राहिलेला नाही, विचार करून तसा ठेवलेला आहे. १८२८ च्या आगीनंतर उरलेला शनिवारवाड्याचा जोता आणि रायगडावरचे चौथरे पाहताना आपल्या मनात हाच प्रश्न येतो ना? मुलांशी यावर बोलायला हा किल्ला फार चांगली जागा आहे.

किल्ल्याच्या तिकिटात औषधांचे संग्रहालयही असते. तिथे जुन्या बरण्या, खल-बत्ते, वाळवलेल्या मुळ्या बघून आई तासभर रमली. तिच्या माहेरी आजोबा वैद्य होते. २००७ मध्ये हे संग्रहालय आम्ही 'वेळ नाही' म्हणून गाळले होते!

तिसरा दिवस: हायडेलबर्गहून जेजुरीला

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावासा वाटला ती सांगतो.

निघण्याआधी मंडळातल्या एका ज्येष्ठ स्नेह्यांनी विचारले, "हायडेलबर्गला जाताय, तर सोंथायमरांचं नाव माहीत आहे ना?" आम्हाला माहीत नव्हते. इतकी वर्षे जर्मनीत राहून!

हायडेलबर्ग विद्यापीठात १९६२ पासून दक्षिण आशिया संस्था आहे. तिथे गुंथर सोंथायमर हे प्राध्यापक हिंदू कायदा आणि भारतीय धर्म शिकवत. मूळ अभ्यास कायद्याचा. पण कायद्याच्या पुस्तकात जे लिहिले आहे आणि गावात लोक जसे वागतात, त्यांत अंतर का, हे शोधता शोधता ते महाराष्ट्रातल्या माळरानावर पोहोचले. मराठी शिकले. धनगरांच्या वाड्यांवर बसून त्यांच्या ओव्या टेपवर उतरवून घेतल्या. १९७६ मध्ये त्यांचे बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा या देवांवरचे जर्मन पुस्तक निघाले, १९८९ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद झाला. हेनिंग श्टेगम्युलर यांच्याबरोबर त्यांनी पंढरीच्या वारीवर माहितीपटही केला. १९९२ मध्ये ते गेले.

त्यांच्या मांडणीतली एक गोष्ट आम्हाला फार पटली. आपल्याकडे एकीकडे वस्ती, शेत, मंदिर आहे आणि दुसरीकडे रान, कुरण, डोंगर. या दोन जगांचे नाते समजल्याशिवाय महाराष्ट्राचे देव समजत नाहीत, असे ते म्हणत. खंडोबाच पाहा ना! म्हाळसा वाण्याची, बाणाई धनगराची. एक पेठेतली, एक रानातली. आमचे कुलदैवत जेजुरीचे. लहानपणापासून दोघींची नावे आरतीत घेतली, पण दोघी का, हा प्रश्न आम्हाला कधी पडला नाही. तो पडला हायडेलबर्गच्या एका माणसाला!

संस्था आता बेर्गहाइम भागात, फोसस्ट्रासेवर आहे. २०१९ मध्ये आशियाचा अभ्यास करणाऱ्या विभागांना तिथे एकत्र आणले. आम्ही आत जाण्याच्या बेताने गेलो नव्हतो. समोरच्या फुटपाथवर उभे राहून आईला हे सगळे सांगितले. ती बराच वेळ इमारतीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "हा माणूस इथून जेजुरीला जायचा?"

"हो. आणि एकदाच नाही, पुन्हा पुन्हा."

"मग वारकरीच की!" आई म्हणाली.

आईच्या त्या शब्दाने आमच्या सहलीचाच अर्थ आम्हाला कळला. वारी म्हणजे तरी काय? त्याच वाटेने, त्याच गावी, पुन्हा जाणे. कोणी वारकरी म्हणत नाही की पंढरपूर गेल्या वर्षी पाहिले, आता दुसरे काहीतरी बघू. सोंथायमरांना आपले देव कळले ते त्याच माळावर पुन्हा पुन्हा जाऊन बसल्यामुळे. आपण मात्र जर्मनीत राहून जर्मनी तीन-तीन तासांत बघतो, आणि भारतात गेलो की चार आठवड्यांत सव्वीस घरी जेवून परत येतो. ना इथे बसतो, ना तिथे.

चौथा दिवस: नदी

रविवारी सकाळी आम्ही जुन्या पुलावर गेलो. हा पूल १७८८ चा. आधीचे पूल पुरात आणि बर्फाच्या लोंढ्यात वाहून गेले होते. मार्च १९४५ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने याच्याही कमानी उडवल्या, पण १९४७ पर्यंत तो पुन्हा बांधून झाला. पुलाच्या टोकाशी आरसा धरलेले पितळी रंगाचे माकड बसले आहे. ते १९७९ चे असले तरी पुलावर माकड असण्याची प्रथा कितीतरी जुनी. 'मला काय हसता, आधी स्वतःकडे बघा,' असा त्याचा भाव. आरशाला हात लावला की पैसा मिळतो, शेजारच्या उंदरांना लावला की भरपूर मुलेबाळे होतात आणि माकडाच्या बोटांना लावला की माणूस हायडेलबर्गला परत येतो, अशी समजूत आहे.

२००७ मध्ये आईने बोटांना हात लावला होता. बाबांनी लावला नाही. म्हणाले होते, "परत जायचं ते पंढरपूरला. इथे एकदा पुरे." नोकरीत असताना दर वर्षी आळंदी ते पुणे एवढा टप्पा तरी ते पालखीबरोबर चालायचेच. आईला ते वाक्य अठरा वर्षांनीही जसेच्या तसे आठवत होते.

नंतर पूल ओलांडून आलो आणि नेकारवीजेवर सतरंजी टाकली. वर डोंगरावर फिलोसोफेनवेग ही सुंदर पायवाट आहे. पुलाजवळून श्लांगेनवेग या अरुंद वळणावळणाच्या पायऱ्यांनी जाता येते, पण चढण खडी आहे. नॉयेनहाइमच्या बाजूचा रस्ता त्यापेक्षा बरा, तरी सुरुवातीचा चढ आहेच. एकदा वर पोहोचले की वाट बरीचशी सपाट आहे, आणि समोर नदी, पूल, गाव आणि किल्ला एकाच नजरेत! आम्ही दोघांनी पाळी लावली. एक वर जाऊन यायचा, दुसरा आईजवळ.

आई दुपारपर्यंत नदीकडे बघत बसली. त्याच दिवशी माउलींची पालखी पुण्याहून सासवडला निघाली होती. भावाने दिवेघाटातला व्हिडिओ पाठवला. आईने तो तीनदा पाहिला, मग फोन बाजूला ठेवून म्हणाली, "दोन दिवसांनी जेजुरी. भंडारा उधळतील पालखीवर." आणि थोड्या वेळाने, "यांना इथे बसायचं होतं."

आम्ही काही बोललो नाही. त्या दिवशी घाई कशालाच नव्हती.

जाणाऱ्यांसाठी थोडे उपयोगाचे

• रोज एकच मोठी गोष्ट ठरवा. उरलेला दिवस मोकळा ठेवा. ज्येष्ठांना दुपारी झोप लागते, ती मिळू द्या!

• शाकाहारी मंडळींनी केझेश्पेट्झले हा चीजचा प्रकार मागवावा. माउलटाशेनमध्ये सहसा मांस असते, बिनमांसाचे मागून घ्यावे. शरद ऋतूत मिळणाऱ्या कांद्याच्या त्स्वीबेलकूखेनमध्येही बहुधा डुकराचे मांस घालतात, न विचारता खाऊ नका. पांढऱ्या श्पार्गेलचा हंगाम २४ जूनपर्यंत असतो.

• मोकळा वेळ असेल तर बेर्गबानने मोल्केनकुअरला गाडी बदलून क्योनिगश्टूलपर्यंत जा. वरच्या टप्प्यातले लाकडी डबे १९०७ चे आहेत.

• खाऊ न्यायचा तर 'श्टुडेंटेनकुस' हे चॉकलेट न्या. १८६३ पासून हायडेलबर्गची ही खासियत आहे.

• बेर्गहाइमच्या काठावर 'इक्बाल-उफर' नावाचा भाग आहे. कवी मुहम्मद इक्बाल १९०७ मध्ये जर्मन शिकायला या गावात राहिले होते. आपल्या उपखंडातला माणूस इथे शंभराहून जास्त वर्षांपासून येतो आहे, हे मुलांना सांगायला विसरू नका.

तर मंडळी, पुढच्या वेळी घरी पाहुणे आले की यादी थोडी छोटी करा. नवे गाव नाही दाखवले तरी चालेल. त्यांना गेल्या वेळी कुठे बसायचे होते आणि आपण बसू दिले नव्हते, तेवढे आठवून पाहा. तिथेच घेऊन जा.

निघताना आईने या वेळीही माकडाच्या बोटांना हात लावला. आम्हीही लावला!